चालू स्थितीत

९ जानेवारी

आज इस्त्री विकली गेली.

सव्वीस वर्षं मी रोज लिहीत आलो, पण लिहायचो ते फक्त नग क्रमांक, माप आणि शेरा: पास किंवा नापास. स्वतःबद्दल लिहायची वेळ कधी आली नाही. आज मात्र कोणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि घरात ऐकायला कोणी नाही. ही औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, आठच्या आत येत नाही. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. म्हणून कंपनीतून आणलेली एक कोरी नोंदवही काढली आणि बसलो.

नोकरी सप्टेंबरात गेली. आमच्या विभागात आम्ही अकरा जण बेअरिंगच्या कड्या तपासायचो. तिथे एक कॅमेरा बसवला. तो सेकंदाला तीन कड्या बघतो आणि चहा पीत नाही. अकरापैकी दोघांना ठेवलं, कॅमेऱ्याची काच पुसायला म्हणा हवं तर. मी त्या दोघांत नव्हतो.

चार महिने घरी बसून भिंतीला भेगा किती आहेत ते पाठ झालं. शेवटी हिच्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, डोक्यात घातलं. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, "भाऊजी, माळ्यावर एवढं सामान पडलंय. फोनवर टाका, जाईल." त्यानेच जुन्या वस्तू विकायच्या साइटवर खातं उघडून दिलं.

मी इस्त्रीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: तळाला डाव्या कडेला अडीच मिलिमीटरचा ओरखडा, कपड्याला लागत नाही. वायर प्लगपासून चार इंचांवर किंचित कडक. चक्रीवरचा दुसरा आकडा पुसट. बाकी तपासून पास.

मेहुणा पोट धरून हसला. "इस्त्री विकताय की तिच्या शवविच्छेदनाचा अहवाल छापताय?"

पण आज एक शिंपीणबाई येऊन घेऊन गेल्या. म्हणाल्या, "दोष लिहिलेले बघितले म्हणूनच आले. एवढं खरं कोणी लिहीत नाही हो."

हिला फोन करून सांगितलं. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता, तरी हसलेली ऐकू आली.

१७ जानेवारी

आठवड्यात सात वस्तू गेल्या. भिंतीवरचं घड्याळ, वजनकाटा, लेकीची सायकल, दोन छत्र्या, पाटीचा स्टँड आणि एक डबा, ज्यात काय ठेवायचं हे आम्हाला दोघांना वीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

पार्सलं ही बांधते. दुकानातून आली की हातपाय धुते आणि जमिनीवर बसते. औषधांचे पुडके बांधून तिचा हात असा बसलाय की कोपरे काटकोनात येतात. मी मापं सांगतो, ती पुठ्ठा कापते. काल म्हणाली, "लग्नानंतर आपण दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम." मी म्हटलं, "आणि लेक?" तर हातातला चिकटपट्टीचा रोल मला फेकून मारला.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

४ फेब्रुवारी

घरातलं विकण्यासारखं संपलं. मेहुणा म्हणतो, आता माल बाहेरून आणायचा. त्याने एका भंगारवाल्याकडे नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये छताला टेकेल एवढा ढीग, आणि सगळं किलोवर. मिक्सर किलोवर, खेळणी किलोवर, कोणाच्या तरी सासऱ्यांचा चौकटीतला फोटोसुद्धा किलोवर. भंगारवाला माणूस मोकळा आहे. म्हणाला, "साहेब, माझ्याकडे येईपर्यंत वस्तू असते. काट्यावर चढली की वजन."

अकरा किलो आणलं. ठेवायला जागा नव्हती म्हणून लेकीच्या खोलीत लावलं.

ही दारात उभी राहून बघत होती. "लेक आली तर झोपेल कुठे?"

"आली तर बघू."

"ती येणार नाही असं बघून," ही म्हणाली आणि आत गेली. वाक्य अर्धवटच सोडलं. दुकानात दिवसभर उभं राहून थकते बिचारी.

२१ फेब्रुवारी

हिशेब मांडला. गेल्या महिन्यात एकोणचाळीस नग विकले. किमती वीसपासून दीडशेपर्यंत. माल, पुठ्ठा, पाठवणी वजा जाता उरलं ते हिच्या पगाराच्या सातव्या हिश्शाएवढं आहे. पण सुरुवात आहे. कागद तिच्यापुढे धरला.

तिने बोट फिरवत सगळं वाचलं. "आणि तुमचा वेळ? एकेका वस्तूला दोन-दोन तास घालवता, तो कुठेच दिसत नाही यात."

"माझ्या वेळेला आता कोण विचारतंय?"

यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने. मग म्हणाली, "मी विचारत होते."

डावीकडच्या दाढा पडल्यापासून ती एकाच बाजूने खाते. बोलतानाही गाल जरा आत जातो. मार्चमध्ये दात बसवून घ्यायचे ठरलेत. कंपनीकडून सुटताना मिळालेल्या रकमेतून त्यासाठी वेगळे काढून कपाटात ठेवलेत.

७ मार्च

आज मोठा सौदा केला.

स्टेशनमागचं एक लॉज बंद पडतंय. भंगारवाल्यानेच कळवलं. म्हणाला, "माझ्याकडे किलोवर येण्याआधी बघून या." म्हातारे व्यवस्थापक एकेका खोलीचं कुलूप काढून दाखवत होते. गाद्या, आरसे मला नको होते. पण प्रत्येक खोलीत उशाशी एक वाचायचा दिवा. पितळी रंगाचा, जड बुडाचा, मान हवी तशी वळवता येईल असा. बुडाखाली पांढऱ्या रंगाने खोलीचा आकडा. एकूण त्रेचाळीस दिवे. असा एकसारखा माल मला आजवर मिळाला नव्हता. एकदाच फोटो काढायचा, एकदाच वर्णन लिहायचं.

व्यवस्थापकांना रोकड हवी होती, तीही आजच. दुसरं एक गिऱ्हाईक जिन्यात उभंच होतं. मी घरी आलो, कपाटातलं पाकीट घेतलं, परत गेलो. दाताचे पैसे महिन्याभरात जसेच्या तसे ठेवीन. मधल्या काळात सांगून तिच्या जिवाला घोर कशाला?

९ मार्च

नशीब जोरावर आहे. आज सकाळी चहा पिताना तीच म्हणाली, "दाताचं मी पुढे ढकललंय. दवाखान्यात फोन करून सांगितलं."

"का गं?"

"असंच. खाता येतंय ना एका बाजूने."

छातीवरचा दगड उतरला. मला काही बोलावंच लागलं नाही.

१२ मार्च

दिवे तपासतोय. बुडाचे तीन स्क्रू काढायचे, मानेतली वायर बाहेर ओढायची, भिंगाखाली धरायची, मीटर लावून मान चारही दिशांना वळवायची, पुन्हा बसवायची. एका दिव्याला पंचवीस मिनिटं. दोन दिवसांत सहा झाले. सहापैकी दोन दिव्यांत वायरचं आवरण मानेच्या वळणापाशी तडकलेलं निघालं. रात्रंदिवस वळवून वळवून लॉजवाल्यांनी त्याचा चुरा केलाय. बाहेरून काहीच दिसत नाही. मान एका विशिष्ट कोनात आली की आतली तार पत्र्याला टेकते. दोन्हीच्या वायरी बदलल्या.

मेहुणा आला होता. घड्याळ लावून बसला आणि एक दिवा होईपर्यंत बघत राहिला.

"भाऊजी, हा कितीला विकणार?"

"ऐंशीला."

"ऐंशीच्या दिव्याला पंचवीस मिनिटं आणि नवी वायर? मग तो दानधर्म झाला, धंदा नाही. लावून बघायचा. लागला? लागला. 'चालू स्थितीत' असं लिहायचं. त्यात खोटं काय आहे?"

मी म्हटलं, माझ्या टेबलावरून न बघता नग पुढे गेलेला नाही.

"तुमच्या टेबलाचा पगार मिळायचा," तो म्हणाला.

तो मनाने वाईट नाही. पण बोलणं टोचलं.

१८ मार्च

सहाचे सहा दिवे दोन दिवसांत गेले. आणखी मागणी आहे. तपासत बसलो तर पुढच्या आठवड्यापर्यंत लोक थांबणार नाहीत. म्हणून आज बारा दिवे फक्त लावून बघितले. बाराच्या बारा लखलखीत लागले. वर्णनही आटोपशीर केलं.

ही पार्सलं बांधताना फोनवर ते वाचत होती. "चालू स्थितीत. एवढंच?"

"लोक वाचत नाहीत गं."

"मी वाचायचे," ती म्हणाली. "इस्त्रीचं तर मी दुकानातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं होतं."

आज तिच्या पार्सलांचे कोपरे तिरके आले होते. मी सांगितलं तर म्हणाली, "लोक बघत नाहीत."

२७ मार्च

बारा दिवे गेले. दाताच्या पाकिटात निम्मे पैसे परत ठेवले. पाकीट होतं तिथेच होतं, फक्त आता त्याच्यावर तिची बांगड्यांची पेटी नव्हती, शेजारी सरकवलेली होती. साफसफाई केली असेल.

३ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाहीये. पण नोंद करायचीच.

सकाळी फोनवर निरोप आला. "आपल्याकडून घेतलेल्या दिव्यातून ठिणगी उडाली. तक्रार नाही, फक्त कळवते, म्हणजे तुम्ही इतरांना सांगाल." पत्ता विचारला आणि तसाच गेलो.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात, एकट्याच. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. पलंगामागचा पडदा कमरेएवढा जळालेला, भिंत काळी. दिवा जमिनीवर आडवा पडला होता. बुडाखाली आकडा चौदा. नोंदवहीत चौदाच्या पुढे माझ्याच अक्षरात एक शब्द होता: लागतो.

"वाचत होते," बाई म्हणाल्या. "डोळ्यावर येत होता म्हणून मान जरा पलीकडे वळवली. एकदम झटका बसला. पडद्याला धग लागली. बादली भरलेली होती म्हणून निभावलं."

मी काहीतरी पुटपुटलो. पैसे पुढे केले. डॉक्टरचाही खर्च देतो म्हटलं.

"डॉक्टर कशाला? अख्खा जन्म दुसऱ्यांना पट्ट्या बांधण्यात गेला. माझी मी बांधली." मग डाव्या हाताने त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. निम्मा बशीत सांडला, तरी मला किटलीला हात लावू दिला नाही. "चूक माझीच आहे हो. स्वस्तातलं बघून घेतलं. चांगला नवा घ्यायला हवा होता. आता या वयात किती वाचणार, म्हणून हात आखडला."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुम्ही काय करणार? तुम्ही थोडाच तो बनवलाय." ऐंशीतले चाळीस त्यांनी मला परत दिले. "पंधरा दिवस छान चालला ना. मग निम्मेच घेते."

ते चाळीस मी घेतले. का घेतले कळत नाही. तिथून निघायचं होतं, एवढंच.

३ एप्रिल, संध्याकाळ

हिला सांगितलं. ती वाळलेले कपडे घडी करत होती.

"तुम्ही तपासला होता?"

"लावून बघितला होता."

तिने हातातला माझा शर्ट घडी केला, मग पुन्हा उलगडला, पुन्हा केला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ही शांत आहे, समजूतदार आहे, हेच माझं भाग्य.

६ एप्रिल

बाकीच्या अकरा जणांना निरोप पाठवले: दिवा लावू नका, मी येऊन घेऊन जातो, पूर्ण पैसे परत. चौघांनी परत दिला. तिघांनी कळवलं की व्यवस्थित चालतोय, उगाच त्रास देऊ नका. एकाने विचारलं, मागे घेण्यासाठी शंभर द्याल का? एकीने भेट म्हणून पुढे कोणाला तरी दिला होता, कोणाला ते सांगायला तयार नाही. दोघांनी माझा नंबरच बंद केला.

१० एप्रिल

हिला लेकीकडे जायचंय. लेकीचे दिवस भरत आलेत, पण त्याला अजून महिना-दीड महिना आहे. मी म्हटलं, एवढ्या लवकर?

"तिला गरज आहे."

"आणि दुकान?"

"रजा देत नाहीत. राजीनामा दिला."

एवढी चांगली नोकरी अशी सोडली हे मला पटलं नाही, पण आईचं काळीज, त्याला आपण काय बोलणार? आल्यावर दुसरी मिळेल. औषधांची माहिती असलेलं माणूस कुठेही खपतं.

१४ एप्रिल

ही आज गेली.

दोन दिवस मला घर शिकवत होती. कपडे धुवायच्या यंत्राचं कुठलं बटण, पाण्याचं बिल कुठे भरायचं, दूधवाल्याचा खाडा कसा लिहायचा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: साखर, मीठ, डाळ. मी चेष्टेने म्हटलं, "महिन्याभरासाठी एवढं? मी काय मीठ ओळखणार नाही?" तर म्हणाली, "दिसायला दोन्ही सारखीच असतात."

बॅग पार्सलच्या काट्यावर ठेवून बघितली. बावीस किलो चारशे ग्रॅम. बाळंतपणाला निघालेली बाई थंडीचे कपडे कशाला नेते, आणि शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक, अनुभवाचं पत्र कशाला? विचारलं. म्हणाली, "जवळ असलेलं बरं." तिचा स्वभावच तसा, सगळं बरोबर घेऊन फिरायचं.

गाडीत बसवताना तिचा हात धरला तर तिने दुसऱ्या हाताने माझी कॉलर सरळ केली. काहीतरी बोलणार होती. मग गाडी हलली.

रिकाम्या घरात परत आलो. लेकीची खोली मात्र भरलेली आहे.

२२ एप्रिल

उरलेले पंचवीस आणि परत आलेले चार, असे एकोणतीस दिवे आठ दिवसांत उघडले. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, घड्याळाकडे न बघता. सतरा नापास. नुसती वायर बदलून भागणार नव्हतं, कारण आतल्या पत्र्याची धारच नव्या वायरलाही कापणार. पहिल्या सहातल्या दोन दिव्यांना मी नुसती वायर बदलून सोडलं होतं. ते घेणाऱ्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत, हातोहात येऊन घेऊन गेले होते.

सतरा दिव्यांच्या वायरी मी पक्कडीने बुडापाशी कापल्या. उरले बारा. त्यांचं वर्णन पूर्वीसारखं लिहिलं, आणि खाली हेही लिहिलं की याच मालातल्या एका दिव्याने एका बाईंचा हात भाजला, हे बारा मी उघडून तपासले आहेत.

९ मे

एकही विकला नाही. तीनशेहून जास्त लोकांनी बघितला. एकाने निरोप पाठवला: "काका, असं लिहिलं तर फुकटसुद्धा कोणी नेणार नाही."

हिचा फोन आठवड्यातून एकदा येतो. पूर्वी रोज यायचा. तिथे फार धावपळ असणार. मी दिव्यांचं सांगायला लागलो तर म्हणाली, "जेवलात का?" मी हो म्हटलं.

१३ मे

नात झाली. फोटो आला. हिच्या मांडीवर आहे. ही हसते आहे आणि दोन्ही गाल भरलेले दिसतात. दात बसवून घेतलेत! जावयाने केलं असेल. मी विचारलं तर म्हणाली, "माझे मीच केले. इथे एका औषधांच्या दुकानात अर्धा दिवस जाते." बाळंतिणीला सोडून कामाला जायची काय गरज, असं मला वाटलं. पण वेळ जात असेल तर बरंच आहे. परत कधी येतेस विचारलं, तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि फोन ठेवावा लागला.

२४ मे

भंगारवाल्याला बोलावलं. सगळी खोली रिकामी केली. एकोणतीस दिवे दोन पोत्यांत. मी त्याला बजावलं, हे बारा चांगले, हे सतरा बाद, यांच्या वायरी मुद्दाम कापल्यात, हे थेट वितळायला. तो "हो साहेब, हो साहेब" म्हणाला आणि काट्यावर दोन्ही पोती एकदम ठेवली.

छप्पन्न किलो भरली. मिळालेल्या पैशांत लॉजचे चौदा दिवेही आले नसते.

खोली झाडून काढली. लेक नातीला घेऊन आली तर आता जागा आहे, हे कळवलं. हिचं उत्तर: "बरं."

११ जून

आज सहज फोन उघडला, तर माझा दिवा समोर.

माझा म्हणजे तोच. पितळी रंग, वळती मान. विकणारा दुसराच, शहराच्या दुसऱ्या टोकाचा. चार फोटो. चौथ्यात दिवा उताणा, बुडावर पांढरा आकडा: नऊ. नोंदवहीत नऊच्या पुढे नापास. कापलेल्या वायरला नवा तुकडा जोडून काळी पट्टी गुंडाळलेली. किंमत साठ. वर्णनात दोनच शब्द, मीही लिहायचो तेच.

त्याला फोन केला. सगळं सांगितलं. चौदा नंबर, नर्सबाई, पत्र्याची धार. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "साहेब, साठच्या वस्तूत एवढं बघायला लागलो तर मुलांना काय घालू? लावून बघितले, सगळे लागतात. तुम्हाला हवेत का सांगा. घाऊक घेतलेत तर पन्नासला देतो."

साइटवर तक्रार केली. उत्तर आलं की विक्रेत्याविरुद्ध खरेदीदारच तक्रार करू शकतो.

म्हणून खरेदी केली.

१६ जून

आज दिवे आले. सतरा हवे होते, त्याच्याकडे दहाच उरले होते. बाकीचे सात आणि ते बारा चांगलेही गेले, कोणाला ते त्याला आठवत नाही. येऊन घेऊन जातात, नाव कोण विचारतो? दहाचे पाचशे दिले. नवऱ्याला धंद्याचा हा एवढाच सौदा दिसला हे हिला कळलं तर काय म्हणेल? या वेळी नुसती वायर नाही, मानाच करवतीने कापल्या. अख्खी दुपार लागली.

त्या विक्रेत्याने मला पाच तारे दिलेत. "उत्तम गिऱ्हाईक."

सायंकाळी हिचा फोन आला. मी सगळं सांगितलं, या वेळी तिने ऐकूनही घेतलं.

"सगळे परत मिळाले?"

"सात नाही मिळाले."

मागे नात कुरकुरत होती, कोणीतरी तिला उचललं. मग ही म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझे बाकीचे कपडे पाठवून द्याल? पार्सल बांधता येतं ना आता तुम्हाला?"

"म्हणजे तू इतक्यात येत नाहीस?"

"नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

१८ जून

सात दिवे कुठे असतील याचा विचार केला की बसवत नाही. कोणीतरी उशाशी ठेवले असतील. कधीतरी उजेड डोळ्यावर येईल आणि मान वळवतील.

साइटवर जाहिरात लिहिली. दिव्याचा फोटो, आणि खाली: विक्रीसाठी नाही. असा दिवा तुमच्याकडे असेल तर लावू नका. प्लग काढा आणि मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन, नवा दिवा देईन. खोल्यांचे सात आकडेही लिहिले.

तासाभरात जाहिरात काढून टाकली गेली. किंमत लिहिलेली नाही, नियमात बसत नाही.

१९ जून

किंमत एक लिहून पुन्हा टाकली. या वेळी राहिली.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट निरोप आले. इतके आजवर कशालाच आले नव्हते. अधाशासारखे उघडले. "अजून आहे का?" "एकला खरंच देता?" "दोन आहेत का?" "पाठवणी फुकट का?"

प्रत्येकाला उत्तर लिहिलं: विकायचा नाही, कृपया खालचं वाचा. एकसष्ट वेळा लिहिलं. बोटं दुखली.

माझ्याकडे तो दिवा आहे, असं कोणीच कळवलं नाही. एकाने मात्र वाचलं होतं. त्याचं उत्तर शेवटी आलं.

"वाचलं काका. थोडा खराब असला तरी चालेल. कधी येऊ?"